कोलायटिसची वर्षं कशी मोजायची, आणि तब्येत बरी असताना तपासणीला कसं जायचं

भाच्याचा फोन आला तेव्हा मी दिवसअखेरची रोकड जुळवत होते. "मावशी, रिपोर्ट आला. अल्सरेटिव्ह कोलायटिस. तुला आहे तेच ना? आणि यातून म्हणे कॅन्सर होतो?" मी नोटांच्या गड्ड्या ड्रॉवरमध्ये ढकलल्या आणि त्याला विचारलं, "रक्त पहिल्यांदा कधी दिसलं?"

"परवाच तर कोलनोस्कोपी झाली..."

"कोलनोस्कोपी कधी झाली ते नाही विचारत. संडासला रक्त पहिल्यांदा कधी पडलं?"

जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बारावीच्या सुट्टीत. पण ती मूळव्याध होती ना."

म्हणजे चार वर्षं गेलीच. घरी कुणाला पत्ता नाही.

त्याला त्या दिवशी तुटक तुटक जे सांगितलं ते इथे सलग लिहिते. मी डॉक्टर नाही. कराडला पतसंस्थेत हिशेब बघते आणि 2006 पासून हा आजार, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला पुन्हा पुन्हा येणारी सूज, सांभाळते. औषधाचे डोस मी कुणाला सांगत नाही, ते ज्याचे त्याने आपल्या पोटाच्या डॉक्टरांना विचारायचे. तारखा कशा धरायच्या आणि तपासणी वाया कशी जाऊ द्यायची नाही, एवढं मात्र मला चांगलं कळतं, कारण दोन्हीत मी मार खाल्लाय.

आधी एक वही घ्या

पहिल्या पानावर पहिल्या लक्षणाचा महिना आणि वर्ष लिहा. निदान झालं ती तारीख त्याच्या खाली येईल. कॅन्सरच्या तपासणीसाठी वर्षं मोजतात ती लक्षणं सुरू झाली तिथपासून, आणि आपल्याकडे या दोन तारखांमध्ये बरंच अंतर पडतं. मला 2006 च्या गणपतीत रक्त आणि आव पडायला लागली. मूळव्याध म्हणून दोन वर्षं इसबगोल, मलमं आणि कुणीतरी आणून दिलेलं एक चूर्ण यात गेली. दिवसाला दहा-बारा वेळा जायची पाळी आली तेव्हा 2008 मध्ये मोठ्या आतड्यात दुर्बीण घातली, म्हणजे कोलनोस्कोपी केली, आणि खरं नाव कळलं. आतडं मात्र 2006 पासूनच सुजत होतं. क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार, त्या लोकांचं तर आणखीच अवघड. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दिसायला सारखे, त्यामुळे कित्येकांचे आधी क्षयाच्या गोळ्या घेण्यातच महिने गेलेले असतात. तेही धरायचे.

वर्षं का मोजायची? सूज आली की आतड्याचं अस्तर झिजतं, पुन्हा भरतं, पुन्हा झिजतं. प्रत्येक वेळी नव्या पेशी तयार होतात आणि त्या तयार होताना चुका राहतात. खतावणीत एक आकडा चुकला तर पुढची प्रत्येक बेरीज चुकत जाते, तसंच. या चुकलेल्या पेशींच्या पायरीला डिस्प्लेझिया म्हणतात. तो अजून कॅन्सर नसतो. तपासणी करायची ती याच पायरीवर त्याला गाठण्यासाठी, कारण या पायरीवर दुखत नाही, रक्त पडत नाही, काहीच कळत नाही.

लक्षणं सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी कोलनोस्कोपीने पहिली तपासणी, असं आता बहुतेक देशांच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. एक मोठा अपवाद आहे. पित्तनलिकांना सूज येऊन त्या आक्रसत जाण्याचा एक आजार असतो, प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, दवाखान्यात त्याला पीएससी म्हणतात. तो सोबत असेल तर आठ वर्षं थांबायचं नाही. निदान झालं की लगेच तपासणी आणि मग दरवर्षी. रक्ताच्या तपासणीत अल्कलाइन फॉस्फटेज सतत वाढलेलं येत असेल तर "पीएससी नाही ना?" एवढं डॉक्टरांना विचारून घ्या.

आतडं कुठपर्यंत धरलंय?

वहीत दुसरी ओळ ही. फक्त गुदाशयाला सूज असेल आणि ती कधीच वर सरकली नसेल, तर धोका जवळपास चारचौघांइतकाच धरतात आणि ही खास तपासणी लागत नाही. डावी बाजू धरली असेल तर लागते. पूर्ण मोठं आतडं धरलं असेल तर धोका सगळ्यात जास्त. क्रोन्स असेल आणि मोठ्या आतड्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग सुजलेला असेल, तर नियम कोलायटिसचेच. फक्त लहान आतड्याच्या क्रोन्सला मोठ्या आतड्याची ही पाळी नसते. आतापर्यंतच्या सगळ्या दुर्बिणींत सूज सर्वांत जास्त जिथवर दिसली ते धरायचं. शेवटच्या रिपोर्टात आतडं छान दिसतंय म्हणून ओळ खोडायची नाही.

आणि ज्यांना आयबीएस आहे, म्हणजे सूज नाही, नुसता मुरडा, गॅस, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, त्यांनी हे वाचून घाबरायचं काम नाही. आयबीएसने आतड्याचा कॅन्सर होत नाही. आयबीडी म्हणजे कोलायटिस आणि क्रोन्स हे आपले सुजेचे आजार. आयबीएस आणि आयबीडी, एका अक्षराच्या फरकाने आमच्या ऑफिसातल्या एका बाईंनी आठवडाभर झोप घालवली होती.

भाच्याने नेटवर वाचलेला आकडा खोटा नव्हता, जुना होता. 2001 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून एक हिशेब मांडला गेला: कोलायटिसला दहा वर्षं झाली की शंभरात 2, वीस वर्षांनी 8, तीस वर्षांनी 18. हाच आकडा अजून सगळीकडे फिरतो. नंतरच्या अभ्यासांतले आकडे पुष्कळ खाली आलेत, कारण औषधं सुधारली, सूज आटोक्यात राहायला लागली आणि तपासणी वेळेवर होऊ लागली. म्हणजे धोका आहे, पण बहुतेकांना हा कॅन्सर कधीच होत नाही. मी त्याला म्हटलं, 18 चा आकडा विसर, आठ वर्षांचा लक्षात ठेव.

पुढची पाळी किती वर्षांनी

पहिल्या तपासणीनंतर डॉक्टर तुम्हाला एका रांगेत बसवतात. युरोपातल्या सूचनांप्रमाणे जास्त धोका असेल तर दर वर्षी, मधला असेल तर दोन-तीन वर्षांनी, कमी असेल तर पाच वर्षांनी. आतड्यात बरीच सूज चालू असेल, पीएससी असेल, गेल्या पाच वर्षांत डिस्प्लेझिया किंवा आतडं आवळल्यासारखी अरुंद जागा सापडली असेल, किंवा आई-वडील, भावंडं, मुलं यांपैकी कुणाला पन्नाशीच्या आत आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर रांग दर वर्षाची. नात्यातल्याला पन्नाशीनंतर झाला असेल, सूज सौम्य असेल किंवा जुन्या सुजेचे कोंब, म्हणजे स्यूडोपॉलिप, राहिले असतील तर मधली. तुमची रांग कोणती ते डॉक्टरांच्या तोंडून ऐका आणि त्यांच्यासमोर वहीत लिहा. "येत जा अधूनमधून" हे उत्तर घेऊन उठायचं नाही.

घरच्यांना विचारताना "कॅन्सर होता का?" असं विचारू नका, जुनी माणसं "नाही" म्हणतात. "पोटाचं ऑपरेशन झालं होतं का? पोटावर पिशवी लावली होती का?" असं विचारा. माझ्या मोठ्या काकांचं मला असंच कळलं. ते सख्ख्या पहिल्या नात्यात येत नाहीत, तरी डॉक्टरांनी लिहून घेतलं.

आणखी एक सांगायचं राहतं म्हणून इथेच टाकते: ऑपरेशन करून मोठं आतडं काढलं पण गुदाशय ठेवलाय, त्यांनी सुटलो असं समजू नये. राहिलेल्या तुकड्याचीही तपासणी लागते.

माझं काय चुकलं

माझी पहिली तपासणी 2014 मध्ये व्हायला हवी होती. मी गेले 2019 मध्ये. कारण काय, तर मला काही होत नव्हतं. मेसालामाइन हे सुजेचं औषध चालू होतं, दिवसाला एकदाच जात होते, सातव्या वेतन आयोगाच्या गप्पा मारत डबा खात होते. मध्ये दोन वर्षं तर गोळ्याही सोडल्या, बरं वाटतंय तर कशाला, म्हणून. पहिल्या वेळी जिथे दुर्बीण केली तिथे "आठ वर्षांनी या" असं कुणी म्हटलं नाही, की म्हटलं आणि मी ऐकलं नाही, देव जाणे. रिपोर्टात होती एकच ओळ, कोलायटिस. कुठपर्यंत, किती, काही नाही. बायॉप्सीचे, म्हणजे तपासायला घेतलेल्या अस्तराचे, सगळे तुकडे एकाच बाटलीत.

2019 मध्ये पुण्यात नव्या डॉक्टरांनी फाइल चाळली, बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "ताई, तेरा वर्षं झाली." मी म्हटलं, अकरा. "2006 ते 2019?" असं विचारून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हिशेबनीस बाईची बेरीज डॉक्टरांनी दुरुस्त केली!

गोळ्यांबद्दल एवढंच. मेसालामाइनने कॅन्सर थेट टळतो का, यावर संशोधकांचं एकमत नाही. सूज शांत राहिली तर धोका कमी होतो, याबद्दल मात्र वाद नाही. तेव्हा बरं वाटतंय म्हणून औषध बंद, हे माझ्यासारखं करू नका.

तारीख कशी ठरवायची

ही तपासणी शक्यतो आजार शांत असताना करायची. सूज चढलेली असताना सुजलेल्या पेशी आणि चुकलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसू शकतात, मग रिपोर्ट "नक्की सांगता येत नाही" असा येतो. आधी विष्ठेतलं कॅलप्रोटेक्टिन तपासून सूज किती आहे ते बघता येतं. पण "अजून थोडं शांत होऊ दे" म्हणत वर्षानुवर्षं ढकलूही नका. सूज काही केल्या उतरतच नसेल तर तो धोका आणखी मोठा, तेव्हा तर जायलाच हवं.

ठरवताना दोन गोष्टी विचारा. दुर्बीण हाय डेफिनिशन आहे का, आणि रंग फवारून बघणार का. रंग मारून बघणाऱ्या पद्धतीला क्रोमोएंडोस्कोपी म्हणतात. कोलायटिसमधला डिस्प्लेझिया बरेचदा चपटा असतो, देठ असलेल्या पॉलिपसारखा वर आलेला नसतो, त्यामुळे साध्या नजरेतून सुटू शकतो. रंगाची सोय नसेल तर दर दहा सेंटिमीटरवर चार असे आतडंभर तुकडे घ्यायची जुनी रीत आहे, तीसुद्धा चालते, पण ते तुकडे तीसच्या वर भरतात. चार तुकड्यांत काम उरकलं असेल तर ती तपासणी झाली, पण या कामाची झाली नाही.

पोट साफ करणं, म्हणजे निम्मी परीक्षा

आतडं स्वच्छ नसेल तर रंग आणि यंत्र दोन्ही वाया. पाच ते सात दिवस आधी लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून थांबवायच्या, त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचं आधीच विचारा, आदल्या रात्री नव्हे. अंगदुखीच्या गोळ्या त्या आठवड्यात नकोच. खरं तर आपल्याला त्या एरवीही नडतात.

दोन-तीन दिवस चोथा बंद. आम्हा कराडकरांना हे सगळ्यात जड जातं, कारण भाकरी गेली आणि शेंगदाण्याचं कूटही गेलं. कूट नसलेली भाजी आमच्या घरी भाजी धरत नाहीत. मऊ भात, वरणावरचं पाणी, दही, उकडलेला बटाटा, अंडं, मैद्याची बिस्किटं यांवर काढायचं. पालेभाजी, मटकी, तीळ, पेरू, डाळिंब, बियांचा टोमॅटो, काकडी यांना हात लावू नका. एक बी दुर्बिणीच्या तोंडाशी अडकली तरी डॉक्टरांचा वेळ जातो. आदल्या दिवशी नुसतं पातळ आणि नितळ: नारळपाणी, गाळलेलं लिंबूपाणी, कोरा चहा. कोकम सरबत आणि बिटाचा रस नको, आतडं लाल दिसतं आणि नसता घोळ होतो.

औषध पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं, ज्याला सगळे पेग म्हणतात, तेच मागा. फॉस्फेटवालं आपल्याला नको. त्याने आतड्याला बारीक फोड येतात आणि ते आजारानेच आल्यासारखे दिसतात. औषध दोन भागांत घ्यायचं, निम्मं आदल्या संध्याकाळी आणि निम्मं तपासणीच्या दिवशी पहाटे. एकाच रात्री सगळं पिऊन टाकलं तर सकाळपर्यंत उजव्या बाजूला पुन्हा पिवळं पाणी साचतं. शेवटचा घोट किती वाजता थांबवायचा हे भूल देणारे सांगतील तसं. चव खारट लिंबाची. गार करून, स्ट्रॉने, जिभेच्या मागच्या बाजूला सोडत प्यायचं. शेवटी बाहेर येणारं पाणी गोमूत्रासारखं नितळ पिवळं दिसलं की जमलं.

आता प्रवास. पहाटेचा डोस घेऊन कराडहून पुण्याची एसटी पकडणं म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून आदल्या दुपारीच निघायचं. मी कोथरूडला वन्संकडे उतरते. पहिल्या वेळी त्यांच्याकडे माणसं पाच आणि बाथरूम एक. पहाटे साडेचारला मी स्टीलच्या तांब्याने पेग पीत स्वयंपाकघरात उभी, आणि त्यांच्या मुलाला सहाच्या कंपनीच्या बसला आंघोळ करायची. दाराबाहेरून तो विचारतोय, "मामी, किती वेळ?" आतून मी काय उत्तर देणार! शेवटी वन्संनी शेजारच्यांचं दार वाजवलं आणि त्याला टॉवेलसकट तिकडे पाठवलं. तुम्ही लॉजवर उतरणार असाल तर खोलीला जोडलेलं संडास-बाथरूम आहे ना, हे फोनवर दोनदा विचारा.

सोबत माणूस हवंच. भूल उतरली असं वाटलं तरी त्या दिवशी गाडी चालवायची नाही आणि कसल्याच कागदावर सही करायची नाही.

आत

मला भूल हलकी होती, त्यामुळे शेवटची काही मिनिटं पडदा बघता आला. गुलाबी ओलसर बोगदा आणि त्यावर निळं पाणी उतरत होतं. आमची आई पांढऱ्या धोतराला नीळ द्यायची तेव्हा शिवणीत आणि चुण्यांत नीळ जास्त धरायची, तशी ती घड्यांच्या खाचांत बसली. सगळीकडे बारीक ठिपक्यांची एकसारखी नक्षी. एका जागी मात्र नक्षी बदलली, ठिपक्यांच्या जागी आडव्यातिडव्या रेघा. "इथे थांबा," डॉक्टर मदतनिसाला म्हणाले. उजव्या बाजूला, आठ मिलिमीटर, जेमतेम उचललेली जागा. रंगाशिवाय मला तरी ती दिसली नसती. त्यांनी तिच्याखाली पाणी टोचून ती फुगवली आणि फासात धरून अख्खी काढली.

रिपोर्टात काय शोधायचं

प्रत्येक भागाचे तुकडे वेगळ्या बाटलीत आणि बाटलीवर भागाचं नाव, हे जाण्याआधीच सांगून ठेवा. दुर्बिणीच्या रिपोर्टात चार गोष्टी हव्यात: दुर्बीण अंधांत्रापर्यंत, म्हणजे सिकमपर्यंत पोचली का, सूज कुठे किती होती, काही उंचवटा किंवा डाग दिसला का, आणि आतडं किती स्वच्छ होतं. स्वच्छतेला बोस्टन स्कोअर म्हणून गुण देतात, तीन भागांना प्रत्येकी तीन, एकूण नऊ. प्रत्येक भागाला निदान दोन हवेत. मला मिळाले आठ. शाळेत गणित सोडून कुठल्याच विषयात इतके मिळाले नव्हते.

बायॉप्सीच्या रिपोर्टात चार शक्यता. डिस्प्लेझिया नाही. सांगता येत नाही. लो ग्रेड, म्हणजे पेशी थोड्या बिघडलेल्या. हाय ग्रेड, म्हणजे जास्त बिघडलेल्या. ही विभागणी 1983 पासून चालत आलीय. पहिली सोडून काहीही आलं तर तुकडे लावलेल्या त्याच काचा आतड्याच्या आजारांचा अनुभव असलेल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवायच्या. तसा नियमच आहे, कुणी राग मानत नाही. त्यासाठी काचा आणि मेणातले ठोकळे मागून घेता येतात. डिस्प्लेझिया दिसणाऱ्या जागी असेल आणि ती अख्खी निघाली असेल, तर बरेचदा आतडं वाचतं आणि तपासण्या जवळ जवळ येतात. हाय ग्रेड असेल, किंवा दिसत काहीच नाही पण तुकड्यांत दोन-चार ठिकाणी सापडतोय असं असेल, तर सर्जनशी बोलणं टाळू नका. माझा लो ग्रेड निघाला, कडा स्वच्छ. सहा महिन्यांनी पुन्हा, मग दरवर्षी.

पैशांचं एक. बऱ्याच विमा पॉलिसींत निव्वळ तपासणीसाठी दाखल झालात तर खर्च मिळणार नाही असं कलम असतं. आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

विष्ठेतलं रक्त शोधायची स्वस्त चाचणी करून भागेल का, असं भाच्याने विचारलंच. आपल्याला नाही भागत. सुजेनेही रक्त येतं आणि डिस्प्लेझिया रक्ताशिवायही बसून राहतो. सीटी स्कॅनमध्ये चपटी जागा दिसत नाही. आणि दोन पाळ्यांच्या मध्ये वजन उतरायला लागलं, हिमोग्लोबिन कारणाशिवाय खाली गेलं, नेहमीच्या त्रासाहून वेगळंच काही सुरू झालं, पोट अडल्यासारखं झालं, तर तारखेची वाट बघायची नाही.

भाच्याच्या वहीत पहिली ओळ पडली, "मे, बारावीनंतर". त्यापुढे त्याने आठ मिळवून वर्ष लिहिलं, मला फोटो पाठवला आणि विचारलं, "बरोबर ना मावशी?" मी यावेळी बोटांवर मोजून बघितलं. बरोबर होतं. माझी पाळी पुढच्या महिन्यात आहे. वन्संना फोन केला तर त्याच म्हणाल्या, "वहिनी, पोराला मी आदल्या रात्रीच आंघोळ घालून ठेवते."